गाडी डिझेल फार पिते, तेव्हा आधी वही उघडा

दातिवऱ्याहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. आजचा विषय लोणच्याचा नाही, शिवणकामाचा नाही आणि बँकेच्या अर्जाचाही नाही. आज आम्ही बोलणार आहोत जुन्या डिझेल गाडीबद्दल. गाडी चालू आहे, पण डिझेल फार लागतंय, ॲव्हरेज पडलंय, अशी तक्रार आली तर कुठून सुरुवात करायची, ते सांगणार आहोत.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, हे पुरुषांचं काम, आपल्याला काय कळणार? पण बायांनो, डिझेलचे पैसे आपल्याच पाटीतल्या मालातून जातात. मग ते कुठे जातात हे विचारण्याचा हक्कही आपलाच आहे. आणि जिला चुलीचा धूर बघून लाकूड ओलं की सुकं ते कळतं, तिला इंजिनाचा धूर समजायला वेळ लागत नाही.

आमच्या गटात बारा जणी आहेत. सुके बोंबील, जवळा, करंदी घेऊन आम्ही सफाळ्याला, पालघरला बाजाराला जातो. कधी तांदूळवाडीचा घाट उतरून वरई फाट्याकडे जातो. एसटीची वेळ आणि बाजाराची वेळ जुळत नाही. डोक्यावर पाटी घेऊन टमटमची वाट बघण्यात पुष्कळ वर्षं गेली. म्हणून गटानं कर्ज काढून एक जुनी डिझेल गाडी घेतली, पिवळ्या पाटीची. घेतली तेव्हा ती लिटरला बारा किलोमीटर जात होती. वर्षभरानं दहाच्याही खाली आली.

आता हा फरक किती मोठा, ते पैशांत बघू. पेन असेल तर लिहून घ्या. गाडी महिन्याला 1,200 किलोमीटर चालते असं धरा. लिटरला 12 किलोमीटर गेली तर 100 लिटर डिझेल लागतं. लिटरला 9.6 गेली तर 125 लिटर लागतं. हिशेब सोपा व्हावा म्हणून डिझेलचा भाव 90 रुपये धरू. म्हणजे 9,000 रुपयांच्या जागी 11,250 रुपये. महिन्याला 2,250 रुपये जास्त, वर्षाला 27,000. कर्जाचा हप्ता तेवढाच राहतो, बोंबलाचा भाव तोच राहतो, आणि हे 27,000 धुरावाटे निघून जातात.

पैसे जातात तेव्हा बोलणंही वाढतं. गाडी चालवणारा मुलगा आमच्याच गटातल्या एका ताईंचा. कुजबुज सुरू झाली, की डिझेल काढून विकत असेल. दुसरीकडे एका गॅरेजमध्ये सांगण्यात आलं, की पंप आणि नोझल पूर्ण करून घ्या, 30,000 रुपये लागतील. गटाच्या खात्यात तेवढे पैसे होते. पण दोघींनी मुलींच्या कॉलेजच्या फीसाठी अंतर्गत कर्ज मागितलं होतं, ते याच पैशांतून द्यायचं होतं. म्हणजे प्रश्न नुसत्या गाडीचा नव्हता. एका मुलाच्या नावाचा होता, दोन मुलींच्या फीचा होता, आणि बारा जणींनी एकत्र राहण्याचा होता.

आपल्या गटांची पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. यातलं पाचवं सूत्र आम्ही गाडीला लावलं. बैठकीत ठराव झाला: मोजल्याशिवाय माणसावर आळ घ्यायचा नाही आणि इंजिनही उघडायचं नाही.

मोजायचं कसं ते ऐका. पाचशेचं डिझेल टाकलं आणि इतकं फिरलो, याला मोजणं म्हणत नाहीत. टाकीत आधी किती होतं हे कुठे माहीत असतं? टाकी फुल ते टाकी फुल, असंच मोजायचं. पंपावर टाकी पूर्ण भरा. पंपाची नळी आपोआप टक करून थांबते, तिथेच थांबवा. गाडीच्या मीटरवरचे किलोमीटर लिहा. मग तीन-चारशे किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा. पुन्हा त्याच पंपावर टाकी फुल करा. आता जितकं डिझेल बसलं, तितकंच मधल्या काळात लागलं. आमचे आकडे सांगतो. पहिल्यांदा मीटर होतं 1,86,420. दुसऱ्यांदा 1,86,804. गाडी चालली 384 किलोमीटर. डिझेल बसलं 40 लिटर. 384 भागिले 40, उत्तर 9.6. हे एकदा करून भागत नाही. तीनदा करा. तीनही आकडे जवळजवळ आले तर ते खरे माना.

यात दोन गोष्टींची खात्री करून घ्या. पहिली, मीटर खरं सांगतं का? जुन्या गाडीचं मीटर बिघडलेलं असू शकतं, किंवा कुणी वेगळ्या मापाचे टायर बसवलेले असतात. टायर मोठा असेल तर चाक कमी फेरे घेतं आणि मीटर कमी किलोमीटर दाखवतं. मग ॲव्हरेज पडल्यासारखं वाटतं, पण पडलेलं नसतं. फोनवरच्या नकाशात अंतर बघा आणि मीटरशी ताडून घ्या. दुसरी गोष्ट, पंपाचं माप. शंका आली तर पंपावर 5 लिटरच्या शिक्क्याच्या मापानं डिझेल मोजून दाखवा, असं सांगण्याचा ग्राहकाला हक्क आहे. 5 लिटरला 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो. त्याहून जास्त फरक असेल तर वैधमापन खात्याकडे तक्रार करता येते.

आणखी एक. आपल्या गाडीची तुलना कंपनीच्या जाहिरातीतल्या आकड्याशी करू नका. आपल्याकडे गाड्यांचं प्रमाणित ॲव्हरेज पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत काढतात. तिथे गाडी रोलरवर ठेवून ठरावीक पद्धतीनं चालवतात. तिथे तांदूळवाडीचा घाट नसतो, खड्डे नसतात आणि मागच्या सीटवर भरलेल्या पाट्याही नसतात. तुमच्या गाडीची तुलना तुमच्याच गाडीशी करा, गेल्या वर्षीच्या आकड्याशी.

तीन वेळा टाकी फुल करेपर्यंत आमच्यातली एक जण प्रत्येक फेरीला गाडीत बसली. डिझेल भरताना हजर राहिली, रात्री गाडी उभी करताना आकडा लिहिला. तरीही आकडा तोच, 9.6, 9.8, 9.6. म्हणजे डिझेल चोरीला जात नव्हतं, गाडीतच जळत होतं. पुढच्या बैठकीत आम्ही हे इतिवृत्तात लिहून घेतलं, की चालकाकडे काही दोष आढळला नाही. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं, म्हणून लिहून घेतलं. कुजबुज झाली होती सगळ्यांसमोर, मग खुलासाही सगळ्यांसमोर व्हायला हवा होता.

आता पुढचा प्रश्न. जास्तीचं डिझेल जळतं कशात? आधी इंजिन कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, ते तुम्ही हातानं अनुभवलं असेल. हवा दाबली की ती तापते. डिझेल इंजिन यावरच चालतं. जर्मनीच्या रुडॉल्फ डिझेल यांनी 1897 मध्ये असं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं, म्हणून त्यांचंच नाव या इंधनालाही पडलं. पेट्रोल इंजिनात ठिणगी लागते, इथे ठिणगी नाही. हवा इतकी दाबतात की ती लालबुंद निखाऱ्यासारखी तापते. त्यात नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा सुटतो आणि पेट घेतो. म्हणजे या इंजिनाला तीन गोष्टी नीट लागतात: भरपूर स्वच्छ हवा, पुरेशी उष्णता आणि बारीक फवारा.

आपल्या रस्त्यांवरच्या कितीतरी जुन्या डिझेल गाड्या महाराष्ट्रातच तयार झाल्या. टाटा सुमो 1994 साली आली, इंडिका 1998 मध्ये आली, दोन्ही पुण्याजवळच्या पिंपरीच्या. त्या काळच्या गाड्यांत कॉम्प्युटरचा पसारा फार नव्हता. त्यामुळे पुष्कळ तपासणी डोळ्यांनी, कानांनी आणि हातांनी होते. नियम एकच ठेवा. आधी बिनपैशाची तपासणी, मग थोड्या पैशांची, आणि मोठ्या खर्चाची अगदी शेवटी.

बिनपैशाची तपासणी अशी. टायरची हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी बघा. किती हवा हवी ते बहुतेक गाड्यांत चालकाच्या दरवाजाजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. हवा कमी असली की गाडी ओल्या वाळूत हातगाडी ओढावी तशी जड जाते. गाडीत उगीच पडलेलं सामान काढा. उभ्या गाडीचं इंजिन बंद करा. सफाळ्याला स्टेशनबाहेर थांबलो, जलसारला रो-रोच्या रांगेत उभे राहिलो, आणि इंजिन चालूच, तर त्या वेळी गाडी शून्य किलोमीटरला डिझेल पिते. इंधन वाचवण्याचं काम करणारी पीसीआरए ही केंद्र सरकारची संस्था ताशी 45 ते 55 किलोमीटर वेगानं चालवा असं सांगते. वेग वाढला की हवेचा अडथळा फार वाढतो.

इथे एक इशारा. डिझेल वाचेल म्हणून घाटात गाडी न्यूट्रल करून उतरू नका. ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. आणि त्यात बचतही नाही, कारण गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की इंजिनाला डिझेल जवळजवळ जातच नाही.

पुढची तपासणी ब्रेकची. आपल्या किनाऱ्यावर हिची फार गरज आहे. खाऱ्या वाऱ्यानं घराचे पत्रे सडतात, खिडकीचे गज फुगतात, मग गाडीच्या हँडब्रेकची केबल कशी सुटेल? केबल गंजली की हँडब्रेक खाली केला तरी आत ब्रेक थोडा लागलेलाच राहतो. इंजिन पुढे ओढतं आणि ब्रेक मागे धरतो, डिझेल मधल्यामध्ये जळतं. हे ओळखायचं कसं? मोकळ्या सपाट रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर गाडी चालवा, शेवटी ब्रेक फार न दाबता थांबा. उतरून चारही चाकांजवळ हात न्या. हात लावू नका, भाजेल, नुसता जवळ न्या. एखाद्या चाकाची धग बाकीच्यांपेक्षा जास्त लागली तर तिथे ब्रेक किंवा बेअरिंग धरून बसलंय. आमच्या गाडीचं मागचं डावं चाक तव्यासारखं तापलं होतं. जॅक लावून ते फिरवून बघितलं तर हातानं फिरेना. हे काम चालकानं करावं, बाकीच्या चाकांना लाकडाची ओट लावून. आणि जॅकवरच्या गाडीखाली कुणीही जाऊ नये.

क्लचही बघा. घाट चढताना इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी तेवढी पळत नाही, जळका वास येतो, तर क्लचप्लेट घसरतेय. मग कितीही डिझेल दिलं तरी ताकद चाकापर्यंत पोचत नाही.

आता इंजिनाकडे या. आधी हवा. एअर फिल्टर काढून उजेडाकडे धरा. उजेड आरपार दिसला नाही तर फिल्टर तुंबलाय. कागदी फिल्टर पाण्यानं धुवायचा नाही, बदलायचा. मग उष्णता. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर तापमानाचा काटा बहुतेक गाड्यांत मधोमध यायला हवा. तो खालीच राहिला तर इंजिन थंड चालतंय, आणि थंड इंजिनाला डिझेल जास्त लागतं. आपल्याकडे गाडी तापते म्हणून पुष्कळदा थर्मोस्टॅट नावाचा छोटा व्हॉल्व काढूनच टाकतात. इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणं हे त्याचं काम. आमच्या गाडीतही त्याची जागा रिकामी निघाली, आधीच्या कुणीतरी काढला होता. हे बघताना रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका.

मग डिझेल. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी पुठ्ठ्यावर डाग दिसला तर गळती कुठे ते कळतं. ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं आणि त्याला डिझेलचा वास आला, तर डिझेल इंजिनात उतरतंय. मग गाडी न चालवता मेकॅनिकला दाखवा.

आणि आता धूर. आपल्या चुलीतच बघा ना. लाकडं कोंबली आणि वारा लागला नाही की टोप काळा होतो. तसंच सायलेन्सरमधून काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. तुंबलेला फिल्टर, फाटलेला हवेचा पाइप, बिघडलेली नोझल किंवा जास्तीचं ओझं, यातलं काहीतरी. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत असेल तर डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा पाणी आत शिरतंय. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पीयूसीच्या चिठ्ठ्याही जपून ठेवा. डिझेल गाडीच्या धुराचा आकडा त्यावर असतो. बीएस-4 च्या आधीच्या गाडीला 2.45 आणि बीएस-4 गाडीला 1.62 ही मर्यादा आहे. तुमची गाडी मर्यादेत असली तरी आकडा दर खेपेला चढत गेला, तर इंजिनात काहीतरी बिघडत चाललंय असं समजा.

नोझलवर संशय असेल तर लगेच नवी घालू नका. आधी तपासून घ्या. पंप-नोझलच्या दुकानात हातपंपाचं मशीन असतं. त्यावर नोझल लावून फवारा बघतात. बारीक धुक्यासारखा सुटला तर ठीक, थेंब गळाले तर खराब. हे बघताना फवाऱ्यापुढे हात धरू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीच्या आत शिरतं. तपासणीचे पैसे वेगळे द्या, दुरुस्तीचा खर्च कागदावर लिहून मागा, आणि काढलेले जुने भाग परत घ्या.

शेवटचा नियम, एका वेळी एकच काम करा आणि पुन्हा टाकी फुल करून मोजा. सगळं एकदम केलं तर कशानं फरक पडला ते कळत नाही. आम्ही आधी ब्रेक आणि केबलचं काम केलं. आकडा 9.6 वरून 11.2 वर आला. मग थर्मोस्टॅट बसवला, त्यानंतर फिल्टर बदलला आणि टायरची हवा नीट ठेवली. आकडा 12.1 झाला. सगळा खर्च साडेतीन हजारांच्या आत. धूर काळा नव्हता, नोझलचा फवारा तपासला तर ठीक निघाला, म्हणून 30,000 चं काम केलंच नाही. ते पैसे दोघींना फीसाठी अंतर्गत कर्ज म्हणून दिले. त्यांची परतफेड चालू आहे.

प्रत्येक गाडीचं असंच होईल असं नाही. कधी खरंच नोझल गेलेली असते. कधी निळा धूर येतो, सकाळी गाडी चालू होत नाही, इंजिनाचा दाब तपासला तर कमी निघतो. तेव्हाही हिशेबच मांडा. समजा, 30,000 च्या कामानं महिन्याचे 2,250 रुपये पूर्ण वाचणार असतील, तर ते पैसे वसूल व्हायला तेरा-चौदा महिने लागतील. गाडी तेवढी टिकणार का? कागदपत्रं, फिटनेस तेवढा काळ नीट राहणार का? उत्तर हो असेल तर काम करा. नसेल तर गाडी विकण्याचा विचार बैठकीत उघडपणे मांडा.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला एक साधी वही न्या. तिच्यात पाच रकाने आखा: तारीख, मीटरचा आकडा, किती लिटर, किती रुपये, आणि गाडीचं काय काम केलं. डिझेल भरलं की त्याच वेळी चालकाची आणि एका सदस्येची सही घ्या. गटाची गाडी असो, घरची असो की शेजारच्या भावाची, ही वही उपयोगाला येते. आणि ज्या गावात गाडीच्या डिझेलवरून कुणा मुलाचं नाव आज घेतलं जात असेल, तिथे तर ही वही आजच सुरू करा. तीन वेळा टाकी फुल होईपर्यंत धीर धरा, मग बोला.

तुमच्या वहीत काय आकडे आले ते आम्हाला जरूर कळवा.